ती जुनी डिस्क भंगारात देऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांचा आवाज फारच पडलेला वाटला. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते. दुकानातल्या मुलाने ‘डिस्क गेली, फॉरमॅट करून देतो नाहीतर नवीन मशीन घ्या’ असं सांगितलं, तरी कॉम्प्युटर त्याच्या हाती देऊ नका. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसणं.

बाबा, तुम्ही बोलता बोलता दोन गोष्टी सांगितल्यात आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. काळ्या स्क्रीनवर ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ (म्हणजे विंडोज असलेली डिस्क सापडत नाही) असं येतंय आणि लाईट जाऊन आल्यापासून घड्याळ २०१२ सालची तारीख दाखवतंय. तारीख मागे गेली म्हणजे मदरबोर्डवरची, आतल्या मुख्य पाटीवरची, रुपयाएवढी गोल बॅटरी संपली. लाईट नसताना घड्याळ चालू ठेवायचं आणि बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममधली, तुमची सेटिंग्ज लक्षात ठेवायची, हे तिचं काम. ती उतरली की बायोस कारखान्यातून आला तसा होतो आणि आधी कुठल्या डिस्कवर विंडोज शोधायचं ते विसरतो. आपल्या मशीनमध्ये साटाच्या, म्हणजे अरुंद केबलने जोडायच्या, दोन डिस्क आहेत. विंडोज ५०० जीबीच्या डिस्कवर, दुसरीवर नुसते फोटो. आता मशीन फोटोंच्या डिस्कवर विंडोज शोधत बसलंय. तिथे ते नाहीच, म्हणून तो निरोप येतो.

बॅटरी सीआर२०३२ नावाने कुठेही मिळते, ३ व्होल्टची. प्लग भिंतीतून काढा, जुनी बॅटरी काढा, नवीन बसवताना अधिकची खूण वर ठेवा. आई, तू टॉर्च धर, बाबांना त्या कोपऱ्यात दिसत नाही. मग मशीन चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहायचं. बायोस उघडला की तारीख घालायची आणि बूटच्या, म्हणजे मशीन कुठून सुरू करायचं त्या, यादीत ५०० जीबीची डिस्क वर आणायची. बायोसमध्येच दुसऱ्या पानावर साटा मोड असतो, म्हणजे डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते. आपलं विंडोज मी त्यातल्या एएचसीआय पद्धतीवर टाकलं होतं. तिथे आयडीई ही जुनी पद्धत दिसली तर एएचसीआय करा, नाहीतर विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन येईल. ती आली तरी घाबरू नका, डिस्कवरचं काही जात नाही.

आता माळ्यावरच्या डिस्कबद्दल. त्या मुलाने तीही मागितली, हे ऐकून मला राहवलं नाही. ती ४० जीबीची डिस्क पहिल्या कॉम्प्युटरमधली. २०१९ च्या पुरात गावभागातल्या कितीतरी घरांतलं खालचं सामान गेलं, पण आईने ती आधीच वर नेली होती म्हणून वाचली. तिच्यात बाबांचे अडतीचे, हळदीचे सगळे जुने हिशेब आहेत आणि आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजीचा आवाज आपल्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

ती ‘आता कुठल्याच कॉम्प्युटरला चालणार नाही’ हे अर्धंच खरं. ती आयडीई, म्हणजे साटाच्या आधीच्या जुन्या जोडणीची, डिस्क आहे. तिला चाळीस पिनांची रुंद पट्टीची केबल लागते, शिवाय विजेचा चार पिनांचा जाड प्लग. आपल्या मदरबोर्डवर ती खाच नाही, फक्त साटाच्या अरुंद खाचा आहेत. त्यावरचं जुनं विंडोज एक्सपी या मशीनवर सुरू होणार नाही, कारण ते जुन्या मदरबोर्डच्या हिशेबाने बसवलेलं आहे. पण बाबा, डिस्कवरून बूट होणं आणि डिस्क वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला फक्त वाचायची आहे. त्यासाठी आयडीईवरून यूएसबीचा कन्व्हर्टर मिळतो. स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्यायचा, कारण या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून ५ च मिळतात. मी मागवलाय, घरच्या पत्त्यावर येईल.

पण मी येईपर्यंत तो जोडू नका. जोडल्यावर कधी कधी विंडोज आपणहून विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ तिथे चुकून हो म्हटलं गेलं तर पुढचं सगळं अवघड. आणि डिस्कमधून टक-टक आवाज आला तर लगेच बंद करावी लागते, पुन्हा पुन्हा चालू करून बघायची नाही. ते मला समोर बसून ऐकायचंय. सुरू झाली की सगळ्यात आधी ओव्या उतरवून घेऊ, दोन ठिकाणी. हिशेब नंतर.

नवीन मशीनचं म्हणाल तर माझ्या मते आत्ता गरज नाही. तुमचं टॅली उघडायला वेळ लागतो तो फिरत्या डिस्कमुळे. एक साटाची अडीच इंची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, घालू. दुकानात एम डॉट टूची पातळ पट्टी दाखवतील, ती घेऊ नका, आपल्या बोर्डवर ती बसत नाही. आहे ते विंडोज मी तिच्यावर जसंच्या तसं उतरवीन आणि पहिल्यांदा सुरू करताना ५०० जीबीची जुनी डिस्क काढून ठेवीन, म्हणजे एकसारख्या दोन डिस्कांचा गोंधळ होणार नाही. एक मात्र खरं, विंडोज १० ला कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा बँकेची कामं त्यावर करू नका, हिशेब आणि फोटोंपुरतंच ठेवा.

शनिवारी सकाळच्या गाडीने मिरजेला उतरते. बॅटरी तेवढी आधी आणून ठेवा, आणि माळ्यावरची डिस्क तिच्या पिशवीतून काढू नका.

तुमची,
लेक