आपला वसंत ट्यूलिपचा नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

फेब्रुवारी लागला की घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत पिटुनिया, पॅन्सी, डेलियाच्या कुंड्या खचाखच भरतात आणि लोक 'स्प्रिंग फ्लॉवर्स' म्हणून डिकी भरून घेऊन जातात. आता तर ट्यूलिपचे कांदेपण ऑनलाइन मागवतायत. अहो, ट्यूलिपच्या कांद्याला फुलायला तीन महिने कडक थंडी लागते, म्हणून तो काश्मीरात फुलतो, आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे चार दिवस स्वेटर, बाकी पंखा चालूच. पिटुनिया, पॅन्सी पण हिवाळ्यातलीच झाडं, ती नोव्हेंबरात लावायची, मार्चचं ऊन लागलं की माना टाकतात, त्यात नर्सरीवाल्याचा काय दोष, आपण विचारतच नाही.

आपला वसंत बघायचा तर ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात जा. पळस, पांगारा, काटेसावर, सगळी निष्पर्ण आणि नुसती फुलंच, सावरीवर तर बुलबुल-साळुंक्यांची भांडणं चालू असतात. बाल्कनीत हे मावणार नाही, कबूल. पण मोगरा मावतो ना! फक्त त्याला पाचसहा तास ऊन हवं, उत्तरेच्या ग्रिलमध्ये ठेवून 'फुलत नाही' म्हणू नका. थंडी सरता सरता छाटणी करायची, जुनी पानं काढायची, थोडे दिवस पाणी कमी, मग शेणखत घालून भरपूर पाणी. कळ्या नव्या फुटीवर येतात, छाटलंच नाही तर येणार कुठून?

दुसरी लिली, ती मोठी लाल भोंग्यासारखी, मार्च-एप्रिलला येते. आणि फुटबॉल लिली मे महिन्यात. तिची पानं हिवाळ्यात पूर्ण वाळतात, कुंडी रिकामी दिसते आणि लोक चक्क मातीसकट फेकून देतात, आत कांदा जिवंत असतो हो!

सोसायटीत जागा असेल तर सीतेचा अशोक लावा. गेटपाशी उंच सरळसोट उभा असतो तो नव्हे, हा वेगळा, फेब्रुवारी ते एप्रिल केशरी गुच्छ थेट खोडाला लागतात, आणि थोडी सावली असली तरी चालतं, म्हणजे दोन बिल्डिंगच्या मधल्या जागेला एकदम फिट. बहावा आणि ताम्हण (आपलं राज्यफूल, किती जणांना माहितीये?) एप्रिल-मेमध्ये बहरतात, आणि नेमकं तेव्हाच पावसाळ्याआधीचं म्हणून कटिंग सुरू होतं. आमच्या कमिटीने बहावा ऐन कळ्यांत छाटून घेतला, कारण काय तर 'कचरा पडतो'. धोक्याची फांदी जरूर तोडा, पण बाकीची छाटणी बहर संपल्यावर करता येत नाही का? पालिकेने सोसायट्यांना एवढं एक सर्क्युलर काढलं तरी बरंच काम होईल.

आणि मोगरा विकत घ्यायची पण गरज नाही, पावसाळ्यात शेजाऱ्यांकडून एक फांदी मागून खोचा, लागते.

– एक वाचक, ठाणे (प.)