तपासणीच्या खोलीतल्या ताईंना, मनापासून आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव आणि आमचं गाव इथे लिहीत नाही. दादाची गोष्ट तुम्ही जपली, ती माझ्या पत्रानं फुटायला नको. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी होते, त्या खोलीतल्या ताई, एवढ्यावरून तुम्ही ओळखालच.

ताप, खोकला, हगवण यांनी दादा पार वाळला होता. कुणी करणी म्हणे, कुणी अंगारा आणून देई. रिपोर्ट आला तेव्हा आता सगळं संपलं, एवढंच आम्हाला कळलं. तुम्ही दार लोटलं, केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर पेनानं एक गोल काढला. म्हणालात, ही सीडी-४ पेशी, रोगाशी लढणारी रक्तातली पांढरी पेशी. रानडुकरं आली की वावरात जागलीवरचा माणूस हाका मारून सगळ्यांना उठवतो, तसं हिचं काम. एचआयव्ही नेमका हिलाच गाठतो. आत शिरून स्वतःची प्रत तिच्या जनुकांत घुसवतो, तिच्याकडूनच नवे विषाणू तयार करून घेतो आणि ती मरते. लागण न झालेल्या शेजारच्या पेशीही मरतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात; दादाच्या २०० च्याही खाली गेल्या होत्या. म्हणून टीबीनं डोकं वर काढलं होतं.

तो कागद वहिनीनं अजून जपून ठेवलाय.

आधी टीबीची औषधं, मग काही आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, त्याही सरकारी आणि फुकट. अंगात जोर आल्यावर दादा म्हणू लागला, आता गोळी कशाला? तेव्हा तुम्ही त्याला बसवून सांगितलं की औषधानं नवे विषाणू बनणं थांबतं, पण काही पेशींत तो दडून राहतोच. गोळी सुटली की पुन्हा उठतो. कारण पटलं म्हणून दादा ऐकला. नुसत्या दटावणीला तो बधला नसता.

आणि रांगेत ओळखीचं कुणी असलं की तुम्ही दादाचं नाव कधी पुकारलं नाही, नुसती मान हलवायच्या. गुप्तता राखायची असं एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदाही सांगतो, पण ती इतक्या मायेनं पाळणारं माणूस आम्हाला भेटलं, हे आमचं नशीब.

वहिनीची तपासणीही तुम्हीच करून घेतली. ती निगेटिव्ह आली. दादाच्या रक्तात आता विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. यंदा कापूस वेचायला तो आमच्यासोबत वावरात आहे.

ताई, तुमचे फार फार आभार.

तुमचा,
त्याचा धाकटा भाऊ