शिपकावरचे मधले चार महिने

महोदय,

१८७७-७८च्या रशिया-तुर्कस्तान युद्धावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. बल्गेरियातल्या शिपका खिंडीची ऑगस्टमधली लढाई लेखकाने झकास उभी केली आहे. काडतुसं संपल्यावर धोंडे लोटणारे बल्गेरियन स्वयंसेवक आहेत, कोसॅक स्वारांच्या घोड्यांवर डबलसीट बसून ऐन वेळी पोचलेले रशियन रायफलवाले आहेत. पण तिथून लेख जी उडी मारतो ती थेट जानेवारीतल्या, खिंडीच्या पायथ्याशी शेइनोवोला रशियनांनी मिळवलेल्या विजयावर. मधले चार महिने गेले कुठे?

त्या महिन्यांत खिंड धरून बसलेल्यांत २४वी पायदळ डिव्हिजन होती. तिच्या चार रेजिमेंटांची नावं इर्कुत्स्क, येनिसेई, क्रास्नोयार्स्क आणि ओम्स्क. नावं वाचून वाटेल, सायबेरियाची माणसं, यांना थंडीचं काय! पण रशियन सैन्यात रेजिमेंटला गावाचं किंवा नदीचं नाव असलं म्हणजे जवान तिथलेच असत असं नाही. डिसेंबरच्या हिमवादळांत यातल्या तीन रेजिमेंटा अक्षरशः गोठल्या आणि उरलेल्यांना खाली गाब्रोवो गावाकडे उतरवावं लागलं. तुर्कांनी त्यांना हरवलं नव्हतं. संपूर्ण शिपका तुकडीचा हिशेब बघा: जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे (ते आपल्या कॅलेंडरच्या बारा दिवस मागे असे) ५ सप्टेंबर ते २४ डिसेंबर या काळात मेलेले आणि जखमी मिळून सुमारे ७००, तर आजारी पडलेले साडेनऊ हजारांच्या घरात.

मी फौजेत एकवीस वर्षं काढली, त्यातले दोन हिवाळे बर्फातल्या पोस्टवर. थंडीपेक्षा ओल वाईट. दिवसा पायमोजा भिजतो, संध्याकाळी बुटातच कडक होतो, आणि मग बूट निघत नाही. पाय दुखतोय तोवर बरं असतं. दुखायचा थांबला की आमचे उस्ताद धावत यायचे. आम्हाला स्टोव्ह होता, रम होती, चार दिवसांनी का होईना हेलिकॉप्टर यायचं. शिपकाच्या माणसांचे ओव्हरकोट अंगावरच भिजत आणि अंगावरच गोठत. कमरेत वाकायचं म्हटलं तर कोट वाकत नसे.

आणि अशा वेळी तिथले सेनापती जनरल राडेत्स्की वर काय कळवत होते? ‘शिपकावर सर्व शांत.’ खोटं नव्हतं म्हणा. गोळीबार खरंच थोडा होता. अहवालात थंडीसाठी रकानाच नसेल तर जनरल तरी काय लिहिणार, असं म्हणून मी त्यांना सोडून देणार होतो. पण साडेनऊ हजारांचा आकडा आठवला की सोडवत नाही.

हेच शब्द वसिली वेरेश्चागिनने आपल्या चित्रांना नाव म्हणून दिले. (आग्र्याला येऊन ताजमहाल रंगवून गेलेला चित्रकार तो हाच.) लेखासोबत तुम्ही त्याचं एक चित्र छापलंत, खाली ‘शिपकाचा पहारेकरी’ एवढंच. ती चित्रं तीन आहेत. पहिल्यात संत्री बर्फात उभा आहे. दुसऱ्यात तो पाठ वाकवून आखडलाय आणि बर्फ वर चढलाय. तिसऱ्यात जवळजवळ नुसता ढिगारा. तुम्ही पहिलं छापलंत. जागा असेल तर उरलेली दोनही छापावीत, ही विनंती.

– एक निवृत्त सुभेदार, सातारा