आधी दोनच प्राइम लेन्स

संपादक महोदय,

फिल्म कॅमेरा घेणाऱ्या तरुणांनी सुरुवातीला ५० मिमी आणि २८ मिमी, एवढ्या दोनच प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्स घ्याव्यात. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये मागे सरकायला जागा नसते, तिथे जास्त दृश्य सामावणारी २८ हवीच. मंगेशीचा दीपस्तंभ मात्र दूर उभे राहून ५०ने टिपावा. जवळून कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा आत झुकतात. ८५, १३५ मिमीच्या लेन्स नंतर.

जुनी लेन्स घेताना डायफ्राम (प्रकाश कमीजास्त करणारे, पात्यांचे छिद्र) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका! पाती तेलकट असल्यास डायफ्राम वेळेत मिटत नाही, नेगेटिव्हवर जादा प्रकाश पडतो. आणि आपल्या पावसाळ्यात चामडी केस नकोच. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ४० ते ५० टक्के.

– एक वाचक, फोंडा