सी ड्राइव्ह भरला म्हणून सरसकट फॉरमॅट कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरचा कॉम्प्युटर स्लो झाला, सी ड्राइव्ह लाल दिसायला लागला की रिपेअरवाला बघताक्षणी सांगतो, फॉरमॅट मारावा लागेल. माझ्या मावशीकडे गेल्या महिन्यात हेच झालं. 1 टीबीची डिस्क, त्यात सी फक्त 100 जीबीचा आणि बाकी सगळी जागा डी, ई, एफ मध्ये वाटलेली, ई आणि एफ तर जवळपास रिकामेच. म्हणजे जागा ढीगभर होती, फक्त चुकीच्या खणात होती. तरी पूर्ण डिस्क पुसली गेली आणि डी मधले लग्नाचे, बारशाचे फोटो गेले ते गेलेच. मावशीला वाटत होतं सी खराब झाला तरी डी वर ठेवलंय म्हणजे सेफ आहे, आणि असं समजणारी माणसं घरोघरी आहेत म्हणून हे पत्र.

सी, डी, ई या वेगळ्या डिस्क नसतात (बहुतेक घरात तरी), एकाच डिस्कचे पाडलेले भाग असतात, डिस्क गेली की सगळे एकदम जातात. त्यामुळे डी वरची कॉपी म्हणजे बॅकअप नाही. बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवरच पाहिजे.

आता सी वाढवायचं कसं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येच सोय आहे, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण अट अशी की तिथल्या चित्रात मोकळी जागा सी च्या अगदी लगेच उजवीकडे पाहिजे. डी चा डेटा बाहेर काढून डी डिलीट केला की सी वर राइट क्लिक करून एक्स्टेंड व्हॉल्यूम. ई किंवा एफ उडवून काही उपयोग नाही, तो ऑप्शन पुसटच राहतो, आणि लोक तिथेच हात टेकतात. कधीकधी सी आणि डी च्या मध्ये छोटं रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) बसलेलं असतं, तेव्हाही तसंच होतं. ते वैतागून उडवू नका हो! 2024 च्या जानेवारीत विंडोज 10 चं एक सिक्युरिटी अपडेट याच पार्टिशनमध्ये 250 एमबी मोकळी जागा नाही म्हणून कितीतरी मशीनवर फेल जात होतं, आणि विंडोज चालूच होईना तर दुरुस्तीची टूल्स तिथूनच चालतात. ते मध्ये येत असेल तर जीपार्टेडसारखं फुकटचं टूल पेनड्राइव्हवरून चालवून ते पार्टिशन सरकवता येतं, पण सरकवताना मध्येच लाईट गेली तर डेटा जाऊ शकतो, तेव्हा आधी बॅकअप, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, आधी लिहून ठेवा, नाहीतर आपलाच डेटा आपल्याला उघडता येत नाही.

दुकानदारांना विनंती आहे की नवीन मशीन देताना सी ला निदान 200-250 जीबी द्या, किंवा गिऱ्हाइकाला विचारून तरी भाग पाडा. आणि फॉरमॅट करण्याआधी कुठल्या ड्राइव्हमध्ये काय आहे ते समोर बसून दाखवा, होकार कागदावर घ्या. आपल्या पेपरात मोबाइलवर एवढं छापून येतं, तर कॉम्प्युटरच्या या कामावरही एकदा चित्रांसकट पान द्यावं, घरातल्या मोठ्या माणसांना समोर ठेवून बघत बघत करता येईल असं.

– एक वाचक, सांगली