लकी बांबू माशांच्या टाकीत जगत नाही

महोदय,

गेल्या शनिवारच्या आपल्या पुरवणीत घरातल्या फिश टँकच्या सजावटीवर पानभर मजकूर होता. सोबतच्या छायाचित्रात लकी बांबूच्या चार कांड्या शेंड्यापर्यंत पाण्यात बुडवून उभ्या केल्या होत्या आणि शेजारी गुलाबी कडांचा ॲग्लोनिमा होता. चित्र देखणे होते, पण ही दोन्ही झाडे पाण्याखाली जगत नाहीत. परळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी 31 वर्षे सहायक होते. तरीही याच मे महिन्यात माझ्याच घरात हे घडले, म्हणून लिहायला बसले.

नातवाच्या आठव्या वाढदिवसाला जावयाने दोन फुटी टाकी आणली. सहा मॉली, थोडे गप्पी, आणि दुकानदाराने ‘पाण्यातली झाडं’ म्हणून दिलेल्या चार जुड्या. मी तेव्हा आंब्यांसाठी देवगडला होते. तीन आठवड्यांनी परत आले तर पाणी दुधाळ झाले होते आणि झाकण उघडताच फुलदाणीतले पाणी आठवडाभर बदलले नाही की येतो तो वास आला. मासे वर, पाण्याच्या कडेशी जमून तोंडाची उघडझाप करत होते. दोन मॉली आधीच गेल्या होत्या. लकी बांबूची एक कांडी धरून ओढली, तर खालची साल मोज्यासारखी बोटांत निघून आली आणि आत दोरे तेवढे उरले. नातू मागे उभा होता. त्याने विचारले, ‘‘आजी, मी जास्त खायला घातलं का गं?’’ त्या धास्तीने त्याने दोन दिवस माशांना काहीच घातले नव्हते.

त्याचा काहीच दोष नव्हता. कुजणाऱ्या झाडांनी पाण्यातला प्राणवायू संपवला होता. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना जेमतेम साडेसात. मुंबईच्या मे महिन्यात टाकीचे पाणी 30 च्या आसपासच असते. त्या तुटपुंज्या साठ्यावर मासे जगायचे आणि त्यातच सडणारी पाने वाटा मागायची. वर सडण्यातून माशांना विषारी असा अमोनिया तयार होतो तो वेगळाच.

ही झाडे का सडतात, ते आमच्या प्रयोगशाळेत रोज दिसायचे. ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेली आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजात पाहिली असेल. त्यात ओठांसारखी दिसतात ती पर्णरंध्रे. जमिनीवरचे झाड कार्बन डायऑक्साइड घेते ते मुख्यतः तिथूनच. बाकीच्या पानावर मेणाचा थर असतो, पाणी उडून जाऊ नये म्हणून. अळवावरचे पाणी आपण म्हणतो ते या मेणामुळेच. असे पान बुडवले की रंध्रांपुढे पाणी उभे राहते आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानाने सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो. पान उपाशी राहते. व्हॅलिस्नेरिया या पूर्ण पाण्याखाली वाढणाऱ्या झाडाचे पान त्याच काचपट्टीवर ठेवून बघा. रंध्रे नाहीत, मेणाचा थर नावापुरता, आणि पान इतके पातळ की खालचे छापील अक्षर त्यातून वाचता येते. ते सगळ्या अंगाने पाण्यातले वायू घेते.

लकी बांबू मुळात बांबूच नव्हे. ती आफ्रिकेतली ड्रेसीना आहे. तिच्या जाड कांडीत अन्न साठलेले असते, म्हणून पाण्याखालीही ती काही आठवडे, थंड पाण्यात कधी दोन-तीन महिने हिरवी दिसते. माणसाला वाटते, जगली. मग मासे मरतात तेव्हा तो खाण्याला, नळाच्या पाण्याला, नाही तर स्वतःला बोल लावतो. पीस लिली, सिंगोनियम, डिफेनबाकिया, स्पायडर प्लांट आणि ‘जपानी गवत’ म्हणून विकतात ते मोंडो ग्रास, सगळ्यांची गत थोड्याफार फरकाने हीच.

मी त्या दुकानात जाऊन आले. दुकानदार भला माणूस, भांडला नाही. म्हणाला, ‘‘ताई, जुनी पानं गळणारच, नंतर पाण्यातली नवी येतात.’’ हे खरे आहे, पण क्रिप्टोकोरायनीच्या बाबतीत. रोपवाटिकेत ही झाडे बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवतात. टाकीत लावली की जुनी पाने विरघळतात आणि दोन-तीन आठवड्यांत पाण्यात राहणारी पाने फुटतात. एका झाडाचे खरे दुसऱ्याला लावले की असा घोळ होतो. गंमत म्हणजे क्रिप्टोकोरायनी, अनुबियास, ॲग्लोनिमा, डिफेनबाकिया, मनी प्लांट सगळे अळूच्याच कुळातले. आपण अळूच्या फतफत्यात चिंच घालतो ती ज्या खाजेसाठी, ती खाज डिफेनबाकियाच्या चिकातही असते. कूळ एक असले तरी पहिली दोन नदी-ओढ्यांच्या काठची, वर्षातले महिनोन्‌महिने पाण्याखाली काढणारी. उरलेली तशी नाहीत.

दुकानात ओळखायचे कसे? झाड पाण्याबाहेर उचलून धरावे. हायड्रिला, कबोम्बा, व्हॅलिस्नेरिया हातात ओल्या दोऱ्यासारख्या लोंबतात, कारण त्यांचा भार पाणी पेलत असते. ताठ उभे राहिले आणि पानावर पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळले तर शंका घ्यावी. पांढऱ्या-गुलाबी पट्ट्यांचे असेल तर दुप्पट शंका घ्यावी. अनुबियास आणि जावा फर्न मात्र ताठ असूनही पाण्याखाली जगतात. ती नावे विचारून घ्यावीत, आणि त्यांचे आडवे खोड खड्यांत न पुरता लाकडाला दोऱ्याने बांधावे, नाही तर तेही कुजते.

घरातल्या झाडांना टाकीजवळ जागाच नाही असे नाही. मी कुजलेले सगळे काढले, एक तृतीयांश पाणी बदलले (क्लोरीन उडून जावा म्हणून नळाचे पाणी रात्रभर पसरट टोपात ठेवलेले), आणि खिडकीतल्या मनी प्लांटची एक फांदी टाकीच्या मागच्या कडेवरून अशी सोडली की मुळे पाण्यात आणि पाने बाहेर. महिनाभरात पांढरी मुळे वीतभर झाली. माशांच्या विष्ठेतून जे नायट्रेट साचते ते ही मुळे खातात, त्यामुळे काचेवरचे हिरवे शेवाळही कमी झाले. लकी बांबूचे न सडलेले शेंडे कापून बाटलीत बोटभर पाण्यात ठेवले, ते आजही टवटवीत आहेत. त्यांना पाण्याचे वावडे नाही, पाने तेवढी हवेत हवीत.

टाकीत आता हायड्रिला आहे, जुन्या सहकाऱ्याने आपल्या सिमेंटच्या हौदातून दिलेली. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात फनेलखाली ठेवायचो तीच. एका दुपारी नातवाला तो प्रयोग करून दाखवला. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, वर उलटी परीक्षानळी. फांदीच्या तुटक्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुरू झाली तेव्हा तो एकेक मोजत बसला, 43 पर्यंत. हायड्रिला फार वाढते. जास्तीची वाळवून कुंडीत घालावी. नाल्यात किंवा तलावात टाकू नये. पवई तलावाला जलपर्णीचाच त्रास पुरेसा आहे.

दुकानदाराने मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. घाऊक बाजारातून सगळी झाडे एकाच टबात येतात, कुठले कुठे राहते हे त्यालाही कुणी सांगितलेले नाही. म्हणून विक्रेत्यांना विनंती आहे की झाडांचे दोन टब करावेत. एकावर लिहावे ‘पूर्ण बुडवा’, दुसऱ्यावर ‘मुळे पाण्यात, पाने बाहेर’. लहान मुलासाठी टाकी घ्यायला आलेल्या माणसाला तेवढे वाचता आले तरी पुरे. आणि संपादक महोदय, शनिवारच्या त्या छायाचित्राखाली ही माहिती पुढच्या पुरवणीत छापावी. ते पान कापून ठेवून कोणी या रविवारी झाडे आणायला निघाले असेल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
लालबाग, मुंबई