आण्णा, गिन्न्या मुशीत टाकायच्या आधी

हाउन्स्लो, रविवार रात्र

आण्णा आणि आई, नमस्कार.

मंगळवारी फोनवर आण्णा तुम्ही सहज बोलून गेलात की दादाच्या लग्नात वहिनीला पाटल्या करायच्या आहेत त्यासाठी आजीच्या डबीतल्या तीन गिन्न्या आटवायच्या, काका सेलमवरून दिवाळीला विट्याला आला की घरीच भट्टी लावेल. मी तेव्हा काही बोलले नाही, आई गॅसवर दूध आहे म्हणत फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि विषय राहिला तो राहिलाच. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून ती डबी जात नाहीये, म्हणून फोन न करता सगळं सविस्तर लिहून पाठवतेय, आईला वाचून दाखवा.

झालं असं की आमच्या ऑफिसातून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना जुन्या नाण्यांचा फार नाद. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासूनच्या पेनी, म्हणजे इथली छोट्या किमतीची नाणी, जमवतात, पैसेवाले वगैरे अजिबात नाहीत, पेन्शनीतून थोडं थोडं घेतात. मी त्यांना एकदा सांगितलं होतं की आमच्या घरात सोनं गाळायचा धंदा, वडील काका सगळे गलाईवाले, तर ते म्हणाले मग तू एकदा लिलाव बघायलाच पाहिजेस. मागच्या महिन्यात घेऊन गेले मला, मेफेअरमध्ये. आत जायला काही पैसे पडत नाहीत, नाव नोंदवायचं, बस.

लिलावाच्या आधी नाणी हातात घेऊन बघता येतात हे मला माहीतच नव्हतं. साधीशी खोली, लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर दिवा, आणि तुम्ही कॅटलॉगमधला नंबर सांगितला की ट्रे आणून देतात. गप्प बसून सगळे भिंगातून बघतायत, अगदी तुम्ही दुकानात कसोटीवर रेघ ओढून बघायचात तेव्हा जशी शांतता असायची तशी. फक्त इथे कस कुणीच बघत नाही. नाणं कडेने धरायचं, दोन बोटांत, पोटावर अंगठा लावायचा नाही, खाली मऊ कापड. मी चुकून पूर्ण बोट टेकवायला गेले तर त्या गृहस्थांनी हळूच माझा हात मागे घेतला. बोटाचा घाम सुद्धा वर्षानुवर्षं डाग ठेवतो म्हणे.

मी म्हटलं मला सोन्याचं दाखवा, तेव्हा त्यांनी सॉव्हरिनचा, म्हणजे आपण जिला गिन्नी म्हणतो तिचा, एक ट्रे मागवला. आण्णा, त्या ट्रेमध्ये आपली गिन्नी होती! तीच, घोड्यावर बसलेला माणूस आणि खाली सापासारखा ड्रॅगन, ज्याला आजी खंडोबा म्हणायची आणि लक्ष्मीपूजनाला रिठ्याच्या पाण्यात धुऊन हळदकुंकू लावायची. तो खरं तर इंग्रजांचा सेंट जॉर्ज, पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराने १८१७ साली कोरलेला, आणि तेच चित्र अजून चालू आहे. एका नाण्याच्या खाली भिंग धरून ते म्हणाले आता सालाच्या वर बघ. १९१८ हे साल, त्याच्या बरोबर वर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीची जी रेघ आहे त्या रेघेवर मधोमध एक बारीकसं इंग्रजी आय अक्षर, तिळाएवढं पण नाही. आय म्हणजे इंडिया. ते नाणं आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं!

पहिल्या महायुद्धात सोनं बोटीने नेणं आणणं धोक्याचं झालं होतं म्हणून लंडनच्या टांकसाळीने मुंबईत आपली शाखाच काढली, १९१८ च्या ऑगस्टात, आणि १९१९ मध्ये बंद पण केली. लंडनहून साचे येईपर्यंत तिथे पंधरा रुपयांची मोहर पाडली, गिन्नीच्याच वजनाची. आणि साचे आल्यावर साधारण तेरा लाख गिन्न्या पाडल्या, सगळ्यांवर १९१८ हेच साल, दुसरं सालच नाही. मला भरून आलं एकदम, कुठे फोर्टातली टांकसाळ आणि कुठे हे टेबल.

आता तुम्ही म्हणाल मग त्याला किती आले. सरळ सांगते, फार नाही. सोन्याच्या भावापेक्षा थोडे वर, कारण तेरा लाखांतल्या पुष्कळ अजून शिल्लक आहेत. म्हणजे घरात घबाड सापडलंय असं मी म्हणत नाहीये, दादाला पण तसं सांगू नका. पण त्याच ट्रेवरून त्यांनी मला जे शिकवलं ते तुमच्या धंद्यातल्या माणसाने ऐकण्यासारखं आहे. गिन्नी सगळी सारखीच, ७.९८ ग्रॅम, बावीस कॅरेट, राजा तोच, घोडा तोच. टांकसाळ कुठली ते अक्षरावरून कळतं, सिडनीचं वेगळं, मेलबर्नचं वेगळं, पर्थचं वेगळं, आणि लंडनची असेल तर अक्षरच नाही. आता १९१७ ची लंडनची गिन्नी घ्या. दहा लाखांच्या वर पाडल्याची नोंद आहे, पण नाणेवाले सांगतात की त्यातल्या बहुतेक युद्धाच्या देण्यापोटी अमेरिकेला गेल्या आणि तिथे आटल्या. त्यामुळे आता ती मिळता मिळत नाही आणि मिळाली तर तेवढ्याच सोन्याला कितीतरी पट पैसे, आणि म्हणूनच नकली पण तिच्याच जास्त निघतात.

म्हणजे आण्णा, किंमत कशाला आली तर मुशीत जायची राहिली तिला. मी तिथे बसून हाच विचार करत होते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण जुनं आहे. तिसरा हेन्री म्हणून राजा होता, त्याने १२५७ साली सोन्याची पेनी काढली, तेव्हा इंग्लंडात सगळा व्यवहार चांदीच्या पेनीवर चालायचा. वजन तीन ग्रॅमलाही थोडं कमी, एका बाजूला सिंहासनावर बसलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला लांब क्रॉस आणि गुलाबाची फुलं. तिची किंमत ठरवली वीस चांदीच्या पेनी, पण आतलं सोनं त्यापेक्षा महाग झालं, शिवाय लंडनचे व्यापारी आधीपासूनच कुरकुर करत होते की हे नाणं कुणाला नकोय. मग लोकांनी काय केलं असेल ते तुम्हाला मी काय सांगणार, जिथे नाण्यापेक्षा लगड महाग तिथे नाणं टिकत नाही. सगळी आटली. आज जगात त्यातली आठ का काय ती माहीत आहेत. त्यातलं एक २०२१ च्या सप्टेंबरमध्ये डेव्हनमधल्या हेमियॉक गावाजवळ शेतात एका माणसाला मेटल डिटेक्टर घेऊन फिरताना मिळालं, त्याला स्वतःला ते काय आहे हे आधी कळलं पण नव्हतं, फोटो टाकल्यावर जाणकारांनी ओळखलं. २०२२ च्या जानेवारीत स्पिंककडे, म्हणजे १६६६ पासून चालू असलेली पेढी आहे ती, तिथे लिलाव झाला. हातोडा पडला ५ लाख ४० हजार पौंडांवर आणि घेणाऱ्याला पडलं ६ लाख ४८ हजार. मधला फरक म्हणजे लिलाववाल्यांचं कमिशन, बोलीच्या वर वेगळं द्यावं लागतं, इथे सगळीकडे तशीच पद्धत आहे आणि नवीन माणूस तिथेच फसतो, हातोड्याचाच आकडा डोक्यात धरून बोली लावतो.

आणि सोनंच पाहिजे असंही नाही बरं का. १९३३ सालची साधी ब्राँझची पेनी, तुमच्या तराजूत टाकली तर काहीच नाही. त्या वर्षी बाजारात पेनी भरपूर होत्या म्हणून टांकसाळीने पाडल्याच नाहीत, फक्त हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, काही म्युझियमला आणि काही नव्या इमारतींच्या पायाच्या दगडाखाली ठेवायला. आपण नाही का पायाभरणीला नाणं टाकत, तसंच. तर लीड्समधल्या एका चर्चचा पायाचा दगड १९७० मध्ये चोरांनी उखडून पेनी पळवली, ती पुढे सापडल्याचं ऐकिवात नाही. मग तिथल्या बिशपने दुसऱ्या चर्चखालची पेनी आपणहून काढून विकून टाकली, परत चोरी नको म्हणून. आमचे हे पेनीवाले गृहस्थ ती गोष्ट सांगताना आवाज एकदम खाली आणतात, त्यांच्या अल्बममध्ये १९३३ ची जागा रिकामी आहे आणि ती रिकामीच राहणार हे त्यांना माहीत आहे, तरी कप्प्यावर साल लिहून ठेवलंय.

गिन्नीचा सगळ्यात मोठा आकडा आठव्या एडवर्डचा. हा राजा १९३६ च्या जानेवारीत गादीवर आला आणि डिसेंबरात एका बाईशी लग्न करायचं म्हणून गादी सोडून गेला. इथे रीत अशी की एका राजाचं तोंड नाण्यावर डावीकडे असेल तर पुढच्याचं उजवीकडे. बापाचं डावीकडे होतं म्हणजे याचं उजवीकडे यायला पाहिजे, पण हा हट्टाला पेटला की माझा भांग ज्या बाजूला आहे तीच बाजू दिसली पाहिजे, डावीच. नमुन्याची नाणी तशी पाडली, नवीन वर्षापासून चलनात यायची होती, त्याआधीच राजा गेला. मग भाऊ आला त्याचं तोंड परत डावीकडेच, का तर मधल्याचं उजवीकडे होतं असं धरून चालले! त्या नमुन्यातली एक गिन्नी २०२० च्या जानेवारीत एका संग्राहकाने दहा लाख पौंडांना घेतली. वजन तेच हो, आजीच्या डबीतल्याएवढंच.

लिलावाची खोली म्हणाल तर मला वाटलं होतं तशी गर्दी नाही. वीस पंचवीस माणसं खुर्च्यांवर, बाकी सगळे फोनवर आणि कॉम्प्युटरवर, समोर उभा माणूस आकडे म्हणत जातो, एक लॉट, म्हणजे कॅटलॉगमधला एक नंबर, मिनिटभरात संपतो. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसलेले, सकाळपासून एकाच लॉटसाठी, आताच्या नाही, जुन्या चार्ल्स राजाच्या काळातला चांदीचा क्राउन, म्हणजे एक मोठं नाणं होतं ते. त्यांचा नंबर आला, त्यांनी चारदा हात वर केला, पाचव्यांदा फोनवरचा माणूस पुढे गेला. त्यांनी पेन्सिलीने कॅटलॉगमध्ये विकला गेलेला आकडा नीट लिहिला, पेन्सिल खिशात ठेवली आणि उठून गेले. मला खूप वाईट वाटलं त्यांच्यासाठी, पण हे गृहस्थ म्हणाले तो आकडा लिहून ठेवणं पण जमवण्यातलाच भाग आहे, पुढच्या वेळी ते नाणं परत बाजारात येईल तेव्हा आधी कुणाकुणाकडे होतं याची साखळी लागते, आणि साखळी असलेलं नाणं जास्त जातं. जुन्या संग्राहकांनी हाताने लिहिलेल्या गोल चिठ्ठ्या नाण्याबरोबर जपून ठेवतात.

आता मुद्द्याचं. कॅटलॉगमध्ये कुठली दोन वाक्यं आली की भाव पडतो ते मी मुद्दाम विचारलं. एक म्हणजे नाणं घासून साफ केलेलं, आणि दुसरं म्हणजे कडी लावून काढलेलं. आजीच्या तीनपैकी दोन गिन्न्यांना माळेसाठी टाका लावलेला मला आठवतोय, त्यांना संग्राहक हात लावणार नाहीत, त्या आटवल्या तर माझं काही म्हणणं नाही. पण तिसरी, जी आजी देव्हाऱ्यात वेगळी ठेवायची, तिला कडी नव्हती. ती एवढी तरी बाजूला काढा. रिठ्याने धुऊ नका, टूथपेस्ट नको, लिंबू नको, तेजाब तर नकोच, जशी आहे तशी मऊ कापडात. दादाला सांगा खिडकीपाशी दिवसाउजेडी मोबाईल धरून दोन्ही बाजूंचा फोटो काढ, साल आणि त्याच्या वरची रेघ स्पष्ट आली पाहिजे. त्या रेघेवर आय असेल तर मुंबईची. काहीच अक्षर नसेल आणि साल १९१७ असेल तर कुणाला न सांगता मला आधी फोन करा, खरी का नकली ते जाणकाराकडूनच बघून घ्यावं लागेल.

आणि आत्याचं ऐकून ती इकडे पाठवायचा विचार करू नका. शंभर वर्षांच्या वरचं नाणं आपल्या कायद्याने पुरातन वस्तू धरतात, १९७२ चा कायदा आहे, देशाबाहेर नेता येत नाही, कुरिअरने नाही आणि माझ्या बॅगेतून पण नाही. विकायचंच झालं तर आपल्याकडे मुंबईत नाण्यांचे लिलाव होतात, पण मला विचाराल तर विकूच नका.

तुमच्या हाताखालून आयुष्यात किती गिन्न्या गेल्या असतील आण्णा, पोटासाठी गेल्या, त्यावरच मी शिकले आणि इथवर आले, त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही आणि आता पण वाटत नाही. पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या. ही आजीची आहे, तिच्या हळदीचा पिवळा कण अजून घोड्याच्या शेपटीपाशी अडकलेला असेल. पाटल्यांना जे आठ ग्रॅम कमी पडतील त्याचे पैसे मी एक तारखेला दादाच्या खात्यावर टाकते, वहिनीच्या मापात काही कमी करू नका.

काकाला मात्र आजच फोन करा.

तुमची,
माई